उत्पादकसापेक्ष आज्ञा आणि वहनक्षमता : टर्बो सी ते जीसीसी या स्थित्यंतराची चिकित्सा

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात सी ही भाषा शिकविताना तिचा प्रमुख गुण म्हणून वहनक्षमता सांगितली जाते. एका यंत्रावर लिहिलेली आज्ञावली फारसा बदल न करता दुसऱ्या यंत्रावर चालते, हे वाक्य विद्यार्थी पहिल्याच आठवड्यात वहीत उतरवून घेतो. त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत तो जी आज्ञावली लिहितो, तिच्या पहिल्या दोन-तीन ओळी मात्र एका कंपनीच्या एका उत्पादनावरच चालणाऱ्या असतात. महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत ही विसंगती दीर्घकाळ कोणाला खटकली नाही. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर, म्हणजे आज्ञांचे यंत्रभाषेत रूपांतर करणारी आज्ञावली, आणि सी ही भाषा या दोन गोष्टी एकच आहेत असा समज वर्गात रुजला आणि तो पाठ्यपुस्तके, प्रात्यक्षिक वह्या व प्रश्नपत्रिका यांच्याद्वारे पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिला.

पुढे महाविद्यालयांनी लिनक्स आणि जीसीसी स्वीकारण्यास प्रारंभ केला, तेव्हा जुन्या आज्ञावल्या नव्या प्रणालीवर आणण्याचा प्रश्न उभा राहिला. या प्रश्नाला सामान्यतः दिले गेलेले उत्तर 'हे नाव काढा, ते नाव घाला' अशा स्वरूपाचे होते. प्रस्तुत लेखात या उत्तराची चिकित्सा केली आहे. नावांची अदलाबदल ही वहनक्षमतेची सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी महत्त्वाची बाजू आहे. कंपायलर ज्या ओळीवर आक्षेप घेतो ती ओळ फारशी धोकादायक नसते, ज्या ओळीवर तो मौन पाळतो ती धोकादायक असते, असे येथील प्रतिपादन आहे.

वहनक्षमतेचा मूळ अनुभव

या चर्चेसाठी सीच्या इतिहासातील एका प्रसंगाकडे वळणे आवश्यक आहे. बेल प्रयोगशाळेत १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीचा गाभा सी भाषेत पुन्हा लिहिला गेला. तोवर ही प्रणाली पीडीपी-११ या यंत्राशी बांधलेली होती. १९७७ च्या सुमारास स्टीफन जॉन्सन आणि डेनिस रिची यांनी ती इंटरडेटा ८/३२ या अगदी वेगळ्या यंत्रावर नेली आणि १९७८ मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलमध्ये त्या अनुभवावर निबंध लिहिला. ऑस्ट्रेलियातील वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर यांनीही १९७७ मध्येच युनिक्स इंटरडेटा ७/३२ वर स्वतंत्रपणे नेले होते.

या प्रयत्नामागील निरीक्षण विशेष लक्षणीय आहे. सीमध्ये लिहिलेल्या उपयुक्त आज्ञावल्या इतर यंत्रांवर नेताना खरी अडचण यंत्राची नव्हती. त्या त्या यंत्रावरील परक्या प्रणालीशी जुळवून घेण्यातच अधिक श्रम खर्ची पडत होते. म्हणून आज्ञावल्या एकेक करून नेण्यापेक्षा प्रणालीच नेणे सोयीचे, असा काहीसा उफराटा वाटणारा निष्कर्ष त्यांनी काढला. आज्ञावलीला बांधून ठेवणारा दोर बहुधा लोखंडाशी बांधलेला नसतो, तो तिच्या भोवतालच्या वातावरणाशी बांधलेला असतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. पीडीपी-११ वर पूर्णांकाचा आकार १६ बिटांचा, तर इंटरडेटा ८/३२ वर ३२ बिटांचा होता. टर्बो सीमध्ये पूर्णांक १६ बिटांचा आणि आजच्या जीसीसीमध्ये सर्वसाधारणपणे ३२ बिटांचा असतो. म्हणजे आपल्या प्रयोगशाळांना जे स्थित्यंतर करावे लागले, त्याचा एक महत्त्वाचा भाग सीच्या निर्मात्यांनी १९७८ पूर्वीच पार पाडून त्यावर लिहूनही ठेवला होता. अभ्यासक्रमात सीचा इतिहास परिच्छेदभर असतो, हा निबंध मात्र क्वचितच नेमला जातो.

टर्बो सी आणि त्याची उपयुक्तता

टर्बो सी १९८७ मध्ये बाजारात आला. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसीची पहिली आवृत्तीही १९८७ मधीलच. टर्बो सी प्लस प्लसची ३.० ही आवृत्ती १९९१ ची असून आपल्याकडे तीच सर्वाधिक रूढ झाली. टर्बो सीवर टीका करताना त्याचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. संपादक, कंपायलर आणि साहाय्य-पृष्ठे एकाच निळ्या पडद्यावर देणारे हे साधन अत्यंत मर्यादित स्मृतीच्या संगणकावरही वेगाने चालत असे. ज्या महाविद्यालयात वीस विद्यार्थ्यांमागे चार संगणक होते, तेथे हे वैशिष्ट्य निर्णायक ठरले. शिवाय अन्सीच्या प्रमाणित शब्दांखेरीज इतर शब्द ओळखू नयेत, असे सांगण्याचा पर्यायही त्यात होता. दोष साधनाचा कमी आणि तो पर्याय कधीही न उघडणाऱ्या अध्यापनाचा अधिक आहे.

अन्सीने सीचे प्रमाण १९८९ मध्ये निश्चित केले. त्यात भाषेचे नियम आणि प्रमाणित ग्रंथालय कोणते हे स्पष्ट आहे. 'कोनिओ डॉट एच' हे शीर्षक त्यात नाही. पडदा पुसणारे 'सीएलआरएससीआर', कळ दाबताच अक्षर घेणारे 'गेटसीएच', पडद्यावर हव्या जागी नेणारे 'गोटूएक्सवाय' हे सारे बोरलँडचे, अथवा डॉसवरील तत्सम उत्पादनांचे आहे. कर्निघन व रिची यांच्या ग्रंथात आदान-प्रदान हा मुळी भाषेचा भागच नाही, तो ग्रंथालयाचा भाग आहे, असे आरंभापासून बजावलेले आहे. भाषा, प्रमाणित ग्रंथालय आणि उत्पादकाची भर हे तीन थर आहेत. आपल्या वर्गात हे तिन्ही थर एका पातळीवर आले.

येथे प्रमाणभाषा आणि बोली यांची उपमा सुचणे स्वाभाविक आहे आणि ती वर्गात दिलीही जाते. ती फसवी आहे. बोली ही तिच्या भाषकांच्या मालकीची असते आणि तीत बदल भाषकच घडवितात. टर्बो सीचे रूप एका कंपनीने ठरविले आणि त्या कंपनीने लक्ष काढून घेतल्यावर ते आहे तेथेच थांबले. सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण १९९८ चे आहे. १९९१ च्या कंपायलरला त्यातील 'नेमस्पेस' माहीत असणे शक्यच नव्हते. तरीही 'आयओस्ट्रीम डॉट एच' हे जुने शीर्षक हजारो वह्यांत त्यानंतरही अनेक वर्षे लिहिले जात राहिले.

नावाऐवजी नाव

आता प्रत्यक्ष बदलाकडे पाहता येईल. जुनी आज्ञावली जीसीसीला दिली की प्रथम 'कोनिओ डॉट एच' सापडत नाही, असा आक्षेप येतो. यावर रूढ झालेले उपाय तीन. पहिला, ते शीर्षक वगळून 'सीएलआरएससीआर'च्या जागी 'सिस्टिम' या फलनाद्वारे लिनक्सची 'क्लिअर' ही आज्ञा द्यावी. दुसरा, त्याच नावाची फलने स्वतः लिहून 'कोनिओ'ची प्रतिकृती बनवावी. तिसरा, काहीच न बदलता डॉसबॉक्ससारख्या अनुकारकात टर्बो सीच चालवावा. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांच्या डॉस आज्ञावल्या थेट चालत नसल्याने हा तिसरा मार्ग विशेष लोकप्रिय झाला.

पहिल्या उपायाने काय साधते? विंडोजवर हीच आज्ञा 'सीएलएस' अशी द्यावी लागते. म्हणजे एका उत्पादकाचे बंधन सोडवून दुसरे बांधले जाते, आणि तेही आता अवतरणचिन्हांत दडलेले असल्याने कंपायलरला दिसत नाही. आधीची आज्ञा चुकीच्या जागी निदान आक्षेप तरी ओढवून घेत होती.

या तिन्ही उपायांत एक प्रश्न विचारलाच जात नाही : ती ओळ मुळात तेथे का होती? टर्बो सीमध्ये मागील वेळचे उत्तर पडद्यावर तसेच राहत असे, म्हणून आरंभी पडदा पुसावा लागे. आज्ञावली संपताच निळा संपादक पुन्हा पुढे येई आणि उत्तर झाकले जाई, म्हणून शेवटी 'गेटसीएच' लिहून तिला थांबवून धरावे लागे. दोन्ही ओळी त्या संपादकाच्या वागणुकीवरील उतारा होत्या. गणिताशी, आधारसामग्रीशी वा भाषेशी त्यांचा संबंध नव्हता. लिनक्सच्या टर्मिनलवर ते दुखणेच नसल्याने उताराही नको. बहुसंख्य आज्ञावल्यांत या ओळींचे योग्य स्थलांतर म्हणजे त्या खोडून टाकणे. प्रतिकृती-ग्रंथालय लिहिण्यात जे कौशल्य खर्च होते, ते अनावश्यक गोष्ट निष्ठेने जपण्यात खर्च होते.

हे केवळ नीटनेटकेपणाचे प्रकरण नाही. युनिक्स परंपरेत एका आज्ञावलीचे प्रदान दुसरीला आदान म्हणून जोडता येते, फाइलमध्ये वळविता येते. शेवटी कळ दाबण्याची वाट पाहणारी आज्ञावली माणसाविना चालू शकत नाही. शंभर विद्यार्थ्यांच्या आज्ञावल्या एकाच चाचणी-सामग्रीवर आपोआप तपासायच्या असतील, तर ती एक ओळ सारी व्यवस्था अडवून धरते.

ज्या आज्ञावलीत कळ तत्काळ वाचणे खरोखर आवश्यक आहे, उदाहरणार्थ एखादा खेळ वा संपादक, तेथे प्रश्न वेगळा आहे. लिनक्सवर कर्सेस परंपरेतील 'एनकर्सेस' ग्रंथालयात 'गेटसीएच' याच नावाचे फलन आहे. पण ते वापरण्यापूर्वी 'इनिटएससीआर' या फलनाने पडदा त्या ग्रंथालयाच्या ताब्यात द्यावा लागतो आणि मग नेहमीचे 'प्रिंटएफ' चालत नाही, 'प्रिंटडब्ल्यू' वापरावे लागते. नाव तेच, करार वेगळा. नावावरून नाव शोधणाऱ्याला ही जुळणी यशस्वी वाटते आणि पडदा कोरा राहतो तेव्हा दोष लिनक्सला दिला जातो.

आलेखनाच्या आज्ञावल्यांत हे बंधन तर उघड्यावरच लिहिलेले असे. 'इनिटग्राफ' या फलनाला बीजीआय चालक ज्या निर्देशिकेत आहेत तिचा मार्ग द्यावा लागे, आणि तो सी ड्राइव्हवरील 'टीसी' निर्देशिकेचा असे. वर्तुळ काढण्याच्या आज्ञावलीत कोणत्या चकतीवर कोणते उत्पादन कोठे बसविले आहे याची नोंद! विद्यार्थ्याने ती ओळ ब्रेझनहॅमच्या रीतीइतक्याच श्रद्धेने पाठ केली.

मौन पाळणाऱ्या ओळी

कंपायलरचे सर्व आक्षेप दूर झाले म्हणजे काम संपले, असे मानले जाते. वस्तुतः गंभीर भाग तेथून पुढे सुरू होतो.

क्रमगुणिताचे साधे उदाहरण घ्यावे. १६ बिटांच्या पूर्णांकात कमाल मूल्य ३२७६७. सातचे क्रमगुणित ५०४० अचूक येते, आठचे ४०३२० असायला हवे तेथे टर्बो सी उणे २५२१६ दाखवितो. उणे चिन्ह पाहून विद्यार्थी थबकतो, काहीतरी चुकले हे त्याला कळते. तीच आज्ञावली एकही अक्षर न बदलता जीसीसीवर नेली, तर बारापर्यंतची उत्तरे अचूक येतात. तेराचे क्रमगुणित ६२२७०२०८०० आहे, पण सामान्यतः पडद्यावर १९३२०५३५०४ ही धन आणि भारदस्त संख्या येते. चूक नाहीशी झाली नाही, ती पुढे सरकली आणि सभ्य दिसू लागली. 'लाँग' वापरा, हा उपायही पुरेसा नाही, कारण ६४ बिटांच्या लिनक्सवर 'लाँग' ६४ बिटांचा आणि ६४ बिटांच्या विंडोजवर ३२ बिटांचाच असतो. १९९९ च्या प्रमाणाने निश्चित आकाराचे प्रकार उपलब्ध करून दिले, ते याच कारणासाठी.

येथे दोन्ही कंपायलर निर्दोष आहेत, हे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पूर्णांकाने किमान ३२७६७ पर्यंतची मूल्ये धारण करावीत, एवढेच प्रमाण सांगते. दोष गृहीतकाचा आहे.

आधारसामग्रीच्या फाइलींत ही बाब अधिक महागात पडते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत 'स्ट्रक्चर'चा एक नमुना जवळजवळ ठरलेला असतो : पूर्णांकात हजेरी क्रमांक, वीस अक्षरांचे नाव, अपूर्णांकात गुण. टर्बो सीमध्ये ही नोंद २ अधिक २० अधिक ४, म्हणजे २६ बाइटांची होते. जीसीसीमध्ये पूर्णांक ४ बाइटांचा असल्याने ती २८ बाइटांची होते. जुन्या फाइलीतील नोंदी नव्या आज्ञावलीने वाचल्या की पहिल्याच नोंदीपासून क्रमांकात नावाची अक्षरे मिसळतात आणि प्रत्येक नोंदीगणिक घसरण वाढत जाते. आज्ञावली कुरकुर न करता चालते. अशा प्रकल्पातील फाइलीवर एखाद्या विभागाने प्रत्यक्ष नोंदी ठेवल्या असतील, तर स्थलांतराच्या वेळी वाचविण्याची वस्तू आज्ञावली नसून ती फाइल असते, आणि ती जुन्या यंत्रावर असतानाच साध्या मजकुराच्या रूपात उतरवून घ्यावी लागते.

या प्रकारची अडचण इतर विद्याशाखांतील प्राध्यापकांनाही अपरिचित नाही. उत्पादकाच्या विशिष्ट टंकात टंकलिखित केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना केवळ चिन्हास चिन्ह अशी तक्त्यावरून अदलाबदल पुरत नाही. जुन्या टंकांत ऱ्हस्व वेलांटी दिसते त्या क्रमाने, व्यंजनाच्या आधी साठविलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. रफाराचे याच्या उलट होते. क्रम बदलल्याशिवाय अक्षरे बदलून उपयोग नाही. तेथे निदान बिघडलेला शब्द डोळ्यांना दिसतो.

'एफफ्लश'चे उदाहरण आणखी सूक्ष्म आहे. हे फलन प्रमाणित आहे, परंतु ते प्रदानासाठी. 'स्कॅनएफ'नंतर उरलेले अक्षर घालविण्यासाठी ते आदानावर वापरण्याची सवय टर्बो सीमध्ये लागली, कारण तेथे ते चालत असे. प्रमाणाच्या दृष्टीने हा वापर अव्याख्यात आहे आणि लिनक्सच्या टर्मिनलवर त्याने अपेक्षित परिणाम होत नाही. नाव प्रमाणाचे, अर्थ उत्पादकाचा! अशा ओळी कोणत्याही नाव-बदल तक्त्यात सापडत नाहीत.

भेद कोठे ठेवावा

दोन्ही प्रणालींवर आज्ञावली चालावी म्हणून सशर्त संकलनाचा, म्हणजे 'इफडेफ'चा मार्ग सुचविला जातो. प्रत्येक ठिकाणी 'डॉस असल्यास हे, लिनक्स असल्यास ते' असे लिहावयाचे. या पद्धतीवर हेन्री स्पेन्सर आणि जेफ कॉलियर यांनी १९९२ च्या युजनिक्स परिषदेतील निबंधात, सी न्यूज ही आज्ञावली अनेक प्रणालींवर चालविण्याच्या स्वानुभवावरून, कठोर टीका केली आहे. 'इफडेफ' विखुरले की आज्ञावली वाचणाऱ्याला प्रत्यक्षात अनेक आज्ञावल्या एकाच वेळी वाचाव्या लागतात आणि त्यांपैकी कोणतीच पूर्णपणे तपासली जात नाही. त्याऐवजी भेद एका छोट्या सीमेमागे ठेवावा, बाकीच्या आज्ञावलीने ती सीमा ओलांडू नये, असा त्यांचा आग्रह आहे. हा आग्रह पदवी स्तरावरही शिकविण्याजोगा आहे. 'कळ वाचा' असे एकच फलन, त्याची लिनक्ससाठी एक फाइल आणि विंडोजसाठी दुसरी, एवढ्यावर भागते. यातून विद्यार्थी जे शिकतो ते कोणत्याही एका कंपायलरपेक्षा अधिक टिकाऊ आहे.

आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील सीचे पाठ लिनक्सवरील जीसीसी वापरून केलेले असून ते मराठीतही उपलब्ध आहेत. साधनांचा वा भाषेचा अडसर आता पूर्वीइतका उरलेला नाही.

टर्बो सीचे प्रकरण जुने झाले, आता त्याचा ऊहापोह कशासाठी, असा आक्षेप घेता येईल. परंतु आलेखन-प्रक्रियकांवरील गणनेत हाच प्रश्न आज नव्या वेषात उभा आहे. एनव्हिडियाने २००७ मध्ये कुडा आणले. पुण्याच्या सी-डॅकमध्ये २०२० साली उभारलेला परम सिद्धी-एआय हा महासंगणकही एनव्हिडियाच्याच प्रक्रियकांवर आधारित आहे. कुडातील आज्ञावली एएमडीच्या प्रक्रियकांवर नेण्यासाठी हिपिफाय हे साधन आहे. ते मुख्यतः नावांची अदलाबदल करते, 'कुडामॅलॉक'चे 'हिपमॅलॉक' होते. मात्र एनव्हिडियाच्या प्रक्रियकांवर सूत्रे ३२ च्या गटाने एकत्र चालतात, तर एएमडीच्या इन्स्टिंक्ट मालिकेत हा गट ६४ चा आहे. आज्ञावलीत ३२ ही संख्या गृहीत धरली असेल, तर सर्व नावे बदलून, एकही आक्षेप न येता, उत्तर चुकू शकते. १६ आणि ३२ बिटांच्या पूर्णांकाची ही थेट पुढची आवृत्ती आहे.

प्रश्नपत्रिकेतील उत्पादक

एका ठिकाणचे उत्पादकाचे अस्तित्व कोणतेही साधन शोधून काढू शकत नाही. 'खालील आज्ञावलीचे प्रदान लिहा' हा परीक्षेतील आवडता प्रश्न. एकाच विधानात एका चलाची वाढ दोन-तीनदा करून येणारी संख्या विचारली जाते, किंवा 'प्रिंटएफ'ला एकाच वेळी 'आय', 'आय प्लस प्लस' आणि 'प्लस प्लस आय' देऊन तीन संख्यांचा क्रम विचारला जातो. आदर्श उत्तरात टर्बो सी जो क्रम पाळत असे तो लिहिलेला असतो. प्रमाणाने मात्र अशा विधानाचा अर्थ अव्याख्यात ठेवला आहे, दोन कंपायलरांनी वेगवेगळी उत्तरे दिली तरी दोन्ही प्रमाणाशी सुसंगतच. पूर्णांकाचा आकार २ बाइट, हे बहुपर्यायी प्रश्नाचे उत्तरही याच जातीचे.

प्रयोगशाळेत जीसीसी आला आणि प्रश्नसंच तोच राहिला, तर विद्यार्थ्याने यंत्रावर पाहिलेले उत्तर आणि गुण मिळवून देणारे उत्तर यांत अंतर पडते. सामान्य विद्यार्थी यंत्रावर अविश्वास ठेवून मार्गदर्शिका पाठ करतो. प्रमाण वाचलेला एखादा विद्यार्थी 'या विधानाला निश्चित उत्तर नाही' असे लिहितो. आज प्रचलित असलेल्या अनेक आदर्श उत्तरांनुसार परीक्षकाला त्या उत्तराला शून्य गुण द्यावे लागतात.